चिडेपर्यंत आरसा मारा

बिदरला समुद्र नाही. हे मला माहीत आहे, कृपया पुन्हा कुणी सांगू नये. लग्नात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जिथं जिथं मी माझं काम काय ते सांगितलं, तिथं तिथं लोकांनी मला ही बातमी दिली आहे. मैलूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई तर म्हणाल्या होत्या, "अक्का, हितं नळाला पाणी येईना, आन् तुमी समुद्रात बुडणाऱ्यांचं सामान करायलाव?"

व्हय, तेच करत होते. बिदरजवळच्या कोळारच्या इंडस्ट्रियल एरियात शिवराज अण्णांचा शिलाईचा कारखाना आहे. अण्णा मालक आणि मी शिलाईची सुपरवायझर. आम्ही आधी शाळेची दप्तरं शिवायचो, मग ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवू लागलो. एकदा अण्णा कारवारकडं कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि येताना लाइफ जॅकेटची ऑर्डर घेऊन आले. "आत फोम भरायचा, बाकी दप्तरच की वो," असं ते मला म्हणाले. दप्तरात आणि लाइफ जॅकेटमध्ये एकच साम्य आहे, दोन्हीत दोन हात घालता येतात. हे त्यांना कळेपर्यंत आमच्या अर्ध्या सुया मोडल्या होत्या.

जॅकेट जमलं, तशी गिऱ्हाइकं म्हणायला लागली की जॅकेटच्या खिशात घालायचं सामानही तुम्हीच द्या. म्हणजे संकटात सापडलेल्या माणसानं दुसऱ्याला हाक मारायचं सामान. शिट्टी, आरसा, दिवा, झेंडा, असलं काही. ते बाजारातून निवडून आणायचं काम अण्णांनी माझ्यावर टाकलं. मी हुशार म्हणून नव्हे. "तुमी भाजीवालीलासुदिक सोडत न्हाई, लई किटकिट करता, तुमीच करा," असं म्हणून टाकलं. मी तो मान म्हणून घेतला.

कयाक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती एकट्यादुकट्याची लांबट प्लॅस्टिकची नाव. पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं डावं-उजवं मारत जायचं. ती पाण्यावर इतकी बुटकी असते, की तुम्ही जणू पाटावर जेवायला बसला आहात. हवा चांगली असली तर मजा. पण किनाऱ्यापासून थोडं आत गेलं, की लाटांमधून तुमचं नुसतं डोकं दिसतं, तेही मधूनमधून. म्हणून हाक मारायचं सामान लागतं. आणि ते अंगावर लागतं. नावेत ठेवलेलं सामान नाव उलटली की नावेबरोबर जातं, मग तुम्ही एकीकडं आणि शिट्टी दुसरीकडं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची आणि प्रत्येक गिऱ्हाईक "हो हो" म्हणून पिशवीच मागायचं.

शिट्टीचं म्हणाल तर आत गोळी असलेली शिट्टी मी पहिल्याच आठवड्यात बाद केली. बादलीत बुडवून काढली की गोळी ओली होऊन चिकटते आणि शिट्टी फुसफुसते. बिनगोळीची शिट्टी पाण्यातून काढल्या काढल्या वाजते. तीन वेळा वाजवली की संकटाची खूण, हे जगभर चालतं. आमच्या शिलाईच्या बायकांना मी तीनदा वाजवून दाखवली, तर मागून आवाज आला, "भात झाला, ग्यास बंद करा."

एक गिऱ्हाईक काळी जॅकेटं मागायला आलं. काळ्या रंगात फोटोत माणूस बारीक दिसतो म्हणे. मी विचारलं, "विहिरीत काळी बादली पडली तर वरून दिसते का?" ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं विहीर नाही." अण्णा शेजारी हात चोळत उभे होते, ऑर्डर मोठी होती. मी नारिंगीवरच अडून बसले. दुसरे एकजण म्हणाले, मोबाइल असतो की सगळ्यांकडं, हे सगळं कशाला? मी त्यांना टेबलावरच बोट ओलं करून फोन लावायला सांगितलं. स्क्रीननं त्यांना ओळख दिली नाही. पेटवायची लाल ज्योत मात्र आम्ही कधी ठेवली नाही. ते दारूकाम, त्याला परवाना लागतो, मुदत संपते. ती ज्यांना लागेल त्यांनी तिकडंच परवानेवाल्याकडून घ्यावी, असं मी सांगून टाकायची.

राहिला आरसा, आणि खरी गोष्ट त्याचीच आहे.

हा आरसा तळहाताएवढा असतो, न फुटणारा, मधोमध बारीक भोक असलेला. भोक नेम धरायला. भोकातून बघायचं, दुसऱ्या हाताची दोन बोटं समोर फाकवून त्यांच्यामध्ये लांबचं जहाज पकडायचं आणि उन्हाचा कवडसा बोटांवर पाडायचा. बोटांवर पडला की जहाजावर गेलाच. त्याला सेल लागत नाही, गंज नाही, मुदत नाही. मला तो फार आवडायचा. गिऱ्हाइकांना तो अजिबात आवडायचा नाही. एकांनी पूर्ण खोका परत पाठवला, सगळ्या आरशांना भोकं आहेत म्हणून.

कारवारकडचं आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रेश्मा. तिशीतली पोर, पर्यटकांना कयाकमधून खाडीत आणि खाडीबाहेर फिरवते. स्वतः मासळीवाल्यांच्या घरातली, समुद्राला न घाबरणारी आणि माझ्या किटकिटीलाही न घाबरणारी. तिनं नव्या हंगामाच्या किटची ऑर्डर देताना फोनवर सांगितलं, "बाई, आरसा काढून टाका. बायका त्यात टिकली नीट करतात. मागच्या वेळी परत आलेल्या सगळ्या आरशांना टिकल्या चिकटलेल्या होत्या. त्या जागी मोठा झेंडा द्या."

मला राग आला. मी म्हटलं, आधी पाण्यावर सगळं वापरून बघते, मग काय काढायचं ते ठरवू. ती हसून म्हणाली, "बघा बघा. पण तुमच्याकडं पाणी आहे का?"

पाणी आहे. कारंजाचं धरण आहे. अण्णांनी चाचणीसाठी एक जुनी कयाक कुठून तरी आणली होती, ती टेम्पोत घालून आम्ही निघालो. अण्णा, मी आणि आमचे मास्तर. मास्तर म्हणजे माझे यजमान, चिटगुप्प्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. ज्वारी निसवून दाणा भरायला लागला होता, वेळ अमावस्या होऊन गेली होती, हवा गार आणि ऊन लख्ख.

ठरलं असं. कयाकमध्ये मी बसायचं, कारण ज्याच्या गळ्यात बांधायचं त्याचे हाल निवडणाऱ्यानं एकदा तरी बघावेत. मास्तरांनी काठावर उभं राहायचं. मी एकेक खूण करणार, शिट्टी, झेंडा, दोन्ही हात वरखाली, आरसा. खूण दिसली किंवा ऐकू आली, की मास्तरांनी हात हलवून पोचपावती द्यायची. मास्तरांनी मान डोलावली. दिलेलं काम ते मन लावून करतात, हीच त्यांची मोठी अडचण आहे.

अण्णा म्हणाले, "थांबा अक्का, मी खालच्या अंगाहून मासेवाल्याला होडी घिऊन आणतो, मग जावा." ते टेम्पो घेऊन गेले. मी म्हटलं, काठाकाठानंच तर जायचंय. साडीवर नारिंगी जॅकेट चढवलं, पदर खोचला आणि बसले. मास्तरांनी नाव ढकलली. पहिली पाच-दहा वल्ही इतकी छान पडली, की मला वाटलं माझा जन्म चुकीच्या जिल्ह्यात झाला.

शिट्टी वाजवायला म्हणून मी दोन्ही हात वर घेतले आणि वल्हं मांडीवरून सरकून पाण्यात गेलं. वल्हं नावेला बांधायची दोरी आम्हीच शिवतो. ती त्या दिवशी कोळारला टेबलावर होती. वल्हं तरंगत निघालं, वारा काठाकडून आत होता, तो मला एका बाजूला आणि वल्ह्याला दुसऱ्या बाजूला घेऊन चालला. हातानं पाणी मारून पाहिलं, नाव जागच्या जागी फिरली. तेवढ्यात बुडाखाली गार लागलं. नाव धुतली की आतलं पाणी काढायला मागं एक बूच असतं. ते बूच ढिलं होतं. नाव हळूहळू पाणी पीत होती.

मला पोहता येत नाही. हेही आत्ता सांगून टाकते. जॅकेट मी स्वतः तपासलेलं होतं, त्यात बुडणार नाही हे डोक्याला माहीत होतं, पण पोटाला माहीत नव्हतं. समोर धरणाचं मोठं पाणी, वारा तिकडंच नेत होता.

मी तीनदा शिट्टी फुंकली. मास्तरांनी हात हलवला.

मी दोन्ही हात पसरून वरखाली केले, जगभर चालणारी संकटाची खूण. मास्तरांनी हात हलवला, शिवाय मोबाइल काढून फोटो घेतला.

मी झेंडा हलवला. मी ओरडले, "अहो, खरंच! खरंच बुडायलेय!" वारा माझ्याकडून तिकडं जात नव्हता. मास्तरांनी अंगठा दाखवला. तुझ्या सगळ्या खुणा उत्तम पोचत आहेत, असा त्याचा अर्थ. चाचणीसाठी केलेली हाक आणि जिवाची हाक यांत फरक कसा करायचा, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

मग मी पलीकडच्या काठाकडं वळले. तिकडं ज्वारीचं रान होतं आणि रानात मचाणावर एक बाई उभी होती. जीव आला अंगात. मी दोन्ही हात वरखाली केले. तिनंही दोन्ही हात वरखाली केले. मी शिट्टी वाजवली. तिनं पत्र्याचा डबा बडवला. मी ओरडले. तीही "हो हो हो" करून ओरडली. मग लक्षात आलं, बाई पाखरं हाकत होती. त्या दिवसांत आमच्या भागात रानोरान माणसं हात हलवतात, डबे बडवतात, शिट्ट्या मारतात, बोंबलतात. तिला मी म्हणजे शेजारच्या रानातली पाखरं हाकणारी वाटले असणार. जगभर चालणारी खूण ज्वारीच्या हंगामात बिदर जिल्ह्यात चालत नाही.

कमरेपर्यंत साडी भिजली होती. नावेचं मागचं टोक पाण्याखाली जायला लागलं. गळ्यात आता एकच वस्तू उरली होती. मी आरसा डोळ्याला लावला, दोन बोटं समोर धरली, बोटांच्या मध्ये मचाण पकडलं. नाव डुलली की कवडसा बोटांवरून निसटायचा. एकदा बसला. मचाणावरच्या बाईनं डोळ्यांपुढं हात धरला. मी पुन्हा मारला. ती वळून उभी राहिली. मी थांबले नाही. ती परत तोंड करेपर्यंत वाट बघितली आणि पुन्हा डोळ्यात मारला.

बाई मचाणावरून उतरली. मला वाटलं, कंटाळून गेली. मग ज्वारीतून नारिंगी पदर हलत हलत काठाकडं येताना दिसला, आणि त्याच्या आधी आवाज आला. तो आवाज आमच्या कुठल्याही शिट्टीपेक्षा लांब जात होता.

"कोण हाय गं ती भवाने! सकाळच्या पारी तोंडावर आरसा मारायलीस! डोळं फोडतीस का माजं? थांब, येते बग तुज्याकडं!"

मी आयुष्यात इतकं गोड बोलणं ऐकलं नाही. काठावर येऊन तिनं कमरेवर हात ठेवले, आणखी दोन शिव्या दिल्या आणि मग तिला मी नीट दिसले. अर्धी पाण्यात, नारिंगी, हातात आरसा. मग ती खालच्या अंगाला तोंड करून ओरडली, "मैबूब! ए मैबूब! होडी आण! बाई बुडायलीय हितं!"

मैबूब म्हणजे तोच मासेवाला, ज्याला शोधायला अण्णा टेम्पोतून धरणाला वळसा घालत फिरत होते. तो जाळं तसंच सोडून होडी हाणत आला. "हिलू नक्को अम्मा, बैठे रव," एवढंच तो म्हणत राहिला. मी कशाला हलते. त्यानं मला होडीत ओढलं, कयाक दोरीला बांधली आणि ज्वारीच्या काठाला आणून सोडलं. माझे दात वाजत होते आणि मी रडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाईचं नाव लक्ष्मक्का. तिनं स्वतःच्या अंगावरची चादर मला गुंडाळली, शेकोटी पेटवली आणि पूर्ण वेळ बोलणी खाऊ घातली. "पवाया येत न्हाई तर पाण्यात कामून गेलीस? घरात कोन हाय का न्हाई तुज्या?" मी पलीकडच्या काठावर बोट दाखवलं. मास्तर तिकडून अजून हात हलवत होते. लक्ष्मक्कानं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "त्ये काय करायल्यात?"

"माझे मालक हैत," मी म्हटलं. "सगळं दिसायलंय म्हणून सांगायल्यात."

अण्णा मास्तरांना घेऊन आले तेव्हा मास्तरांना सगळं कळलं. माझ्याजवळ बसले आणि माझे पाय स्वतःच्या उपरण्यानं पुसायला लागले, चारचौघांत, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी रेश्माला फोन केला आणि सांगितलं, आरसा राहणार. झेंडा हवा तर घाल, शिट्टी हवीच, पण आरसा गळ्यात राहणार, आणि टिकल्या लावायच्या असतील तर खुशाल लावू देत. तिनं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा ती हसली नाही. म्हणाली, "बाई, समुद्रात किनाऱ्यावरून आमचे लोकही असेच हात हलवतात. पर्यटक हात हलवतात, आम्ही हात हलवतो. कोण मजेत आणि कोण संकटात, आम्हालाही कळत नाही."

किटबरोबर वापराचा कागद जातो. त्यावर इंग्रजीत होतं की आरशाचा प्रकाश जहाजाच्या किंवा विमानाच्या दिशेनं परावर्तित करावा. मी त्याखाली मराठीत आणि कन्नडमध्ये माझं वाक्य घातलं. "समोरच्या माणसाच्या डोळ्यात मारा. तो चिडेपर्यंत थांबू नका." अण्णा म्हणाले, "अक्का, हे छापायचं असतंय का? लोक हसतील." मी म्हटलं, हसू द्या, हसलेलं लक्षात राहतं. आणि खूण ठरवताना "आता ही चाचणी नाही" याचीही एक वेगळी खूण ठरवा, हे वाक्य मास्तरांनी घातलं. त्यांच्या अक्षरात छापलं.

मास्तरांनी काढलेला तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. मीच लावला. निळं पाणी, नारिंगी जॅकेट, दोन्ही हात वर, तोंड उघडं. येणारा प्रत्येकजण म्हणतो, किती आनंदात दिसताय हो यात. मास्तर उठून चहा करायला जातात.

मी निवृत्त झाले. समुद्र अजून पाहिला नाही, त्याची रुखरुख आहे. रेश्मा दर हंगामाला बोलावते, दर हंगामाला काहीतरी निघतं. गेल्या वर्षी तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं पुन्हा आमंत्रणच असेल. पण ती धापा टाकत बोलत होती. तिच्या गटातलं एक जोडपं वाऱ्यानं बाहेर ओढलं गेलं होतं. शिट्टी लाटांत विरून गेली. हात हलवले तर लांबून जाणाऱ्या एका मच्छीमार बोटीवरच्या खलाशांनी उलट हात हलवले. मग त्यांतल्या बाईला कागदावरचं वाक्य आठवलं. ती म्हणे आदल्या दिवशी त्यावर नवऱ्याबरोबर पोट धरून हसली होती.

"बाई, तांडेलाच्या, बोट हाकणाऱ्याच्याच डोळ्यात मारला तिनं," रेश्मा म्हणाली. "बोट वळवून तो नुसत्या शिव्या देत आला. दोघंही सुखरूप आहेत. शिव्या मात्र ऐकवत नव्हत्या म्हणे."

फोन ठेवून मी बैठकीतल्या त्या फोटोपुढं जाऊन उभी राहिले. कधी न पाहिलेल्या पाण्यात, कधी न भेटलेली दोन माणसं.

त्या येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही लक्ष्मक्काच्या रानात होतो. दरवर्षी ती आम्हाला बोलावते. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसते, आंबील, भज्जी, उंडे. तिच्या खोपीला आमच्या कारखान्याचा एक आरसा टांगलेला आहे, मीच दिलेला. लेक आणि जावई लांबच्या विहिरीवर असले, की जेवायला बोलवायला ती त्याचा कवडसा मारते. मी तिला रेश्माच्या फोनची हकिकत सांगितली. ती पळी हातात धरून ऐकत होती.

"त्यो तांडेल शिव्या द्यायलता?"

"लई, म्हणे."

"आला न्हवं पर?" ती म्हणाली आणि माझ्या द्रोणात आंबील ओतली. "शिव्या देनारा येतो गं बाय. हात हलवनारा तितंच ऱ्हातो."

आम्ही दोघींनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर खाली मान घालून उंडा कुस्करत होते. मग त्यांनी मान वर केली, मला वाटलं आता काहीतरी शिक्षकी बोलतील. ते उठले, खोपीचा आरसा काढला, भोकाला डोळा लावला, दोन बोटं फाकवली आणि विहिरीकडं नेम धरून बसले. पहिले दोन-तीन कवडसे कुठंतरी ज्वारीत गेले. मग लांबून जावयाचा आवाज आला.

"कोन हाय रं त्यो!"

"येतोय," मास्तर म्हणाले, आणि जावई दिसेपर्यंत त्यांनी आरसा खाली ठेवला नाही.